तक्त्यांपासून पडद्यापर्यंत : रासायनिक ऊष्मागतिकीच्या आकडेमोडीचा इतिहास आणि उज्जैनचा हवेचा दाब

उज्जैनमधील माधव नगर हा भाग फ्रीगंज या नावाने अधिक परिचित आहे. ज्यांचे नाव या वस्तीला लाभले त्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये शहरातील जुन्या वेधशाळेची दुरुस्ती करविली. मराठी ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले. ही वेधशाळा अठराव्या शतकात माळव्याचे सुभेदार सवाई जयसिंह यांनी बांधली. त्यांच्या वेधांतून व समरकंदच्या उलुघ बेग याच्या १४३७ मधील कोष्टकांच्या आधाराने 'झीज-इ-मुहम्मदशाही' हा फारसी कोष्टकग्रंथ तयार झाला. झीज म्हणजे तक्ता. एकदा मोठ्या कष्टाने गणित करून ठेवायचे आणि पुढच्यांनी त्यातून आकडा उचलायचा, ही त्यामागची कल्पना. मात्र उचललेला आकडा तसाच वापरता येत नसे. आपले गाव ज्या रेखांशावर असेल त्यानुसार त्यात देशांतर-संस्कार करावा लागे.

रासायनिक अभियांत्रिकीच्या अध्यापनात आज प्रक्रिया-सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर ज्या कामासाठी वापरले जाते, त्याचा पूर्वेतिहासही तक्त्यांचाच आहे. आणि संस्काराचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. या सॉफ्टवेअरचा विचार अनेकदा संगणकाच्या इतिहासाचा भाग म्हणून केला जातो. प्रत्यक्षात तो ऊष्मागतिकीच्या इतिहासाचा भाग आहे, हे लक्षात घेतले तर वर्गात त्याचा उपयोग कसा करावा याचेही उत्तर बरेचसे सापडते.

ऊष्मागतिकीची मूलतत्त्वे एकोणिसाव्या शतकात घडली. कार्नोचा निबंध १८२४ चा, तर क्लॉसियसने एन्ट्रॉपी हा शब्द रूढ केला तो १८६५ मध्ये. परंतु तत्त्व समजले म्हणून बॉयलरचे गणित सुटत नाही; त्यासाठी पदार्थाचे गुणधर्म आकड्यांत हवेत. १८७३ मध्ये व्हान डर वाल्सने लायडन येथील प्रबंधात वायू व द्रव या दोहोंना लागू पडेल असे अवस्था समीकरण मांडले. १८८८ मध्ये आंत्वानने बाष्पदाब व तापमान यांचा तीन स्थिरांकांचा संबंध दिला. तोच आजही पदविकेच्या पहिल्या प्रात्यक्षिकात येतो. पुढे मोलिएचा आलेख (१९०४), कीनन व कीज यांचे स्टीम टेबल (१९३६), हायड्रोकार्बनांसाठी डीप्रीस्टरचे आलेख (१९५३) अशी साधने तयार होत गेली. अभियंत्याच्या मेजावर ही कोष्टके, एक स्लाइड रूल आणि आलेखाचा कागद एवढे पुरेसे असे.

महाराष्ट्रात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण याच काळात सुरू झाले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्या पिढीचे 'यूडीसीटी', १९३३ मध्ये स्थापन झाला. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिली. या काळातील विद्यार्थी लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरच शिकले. बहुघटकी मिश्रणाचे फ्लॅश गणित, म्हणजे ठरावीक तापमान व दाबाला मिश्रणाचा किती भाग वाफ होईल व किती द्रव राहील हे काढणे, हा तेव्हा तासाभराचा उद्योग होता. अंदाज घ्यायचा, पडताळायचा, पुन्हा अंदाज घ्यायचा. १९५२ मध्ये रॅचफर्ड व राइस यांनी या गणिताची अशी मांडणी दिली की अंदाज चटकन स्थिरावतो. तिचा मूळ हेतूच यंत्राकडून गणित करून घेणे हा होता, आणि आजच्या प्रत्येक सिम्युलेटरच्या पोटात ती कोणत्या ना कोणत्या रूपात आहे.

अवस्था समीकरणांची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण विद्यार्थ्यांची फसगत येथेच होते. १९४९ मध्ये रेडलिश व क्वाँग यांनी व्हान डर वाल्सच्या समीकरणात सुधारणा केली. १९७२ मध्ये इटलीच्या सोआव्हेने ती पुढे नेली. १९७६ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात पेंग व रॉबिन्सन यांनी आपले समीकरण प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे नैसर्गिक वायूच्या प्रक्रियांचा प्रश्न होता. म्हणजे हे समीकरण हायड्रोकार्बनांसाठी घडवले गेले आणि तेथे ते उत्तम चालते. दुसरीकडे अल्कोहोल, पाणी, अॅसिटोन यांसारख्या एकमेकांशी विषम वागणाऱ्या द्रवांसाठी वेगळी परंपरा वाढत होती : विल्सन (१९६४), रेनॉन व प्राउस्निट्झ यांचे एनआरटीएल (१९६८), अब्राम्स व प्राउस्निट्झ यांचे युनिक्वॅक आणि त्याच वर्षीचे युनिफॅक (दोन्ही १९७५). आजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉपर्टी पॅकेज' निवडण्याची जी यादी उघडते, ती ही नावे एकाखाली एक लावलेली असते. यादीत ती शेजारी-शेजारी दिसतात म्हणून ती परस्परांना पर्याय ठरत नाहीत. प्रत्येक नावामागे एक विशिष्ट प्रश्न आणि पदार्थांचा एक विशिष्ट गट आहे.

ही समीकरणे हाताने सोडवणे जिकिरीचे होते; संगणक आल्यावरच त्यांना खरा अर्थ आला. १९६७ मध्ये प्राउस्निट्झ व सहकाऱ्यांनी बाष्प-द्रव समतोलाच्या गणितासाठी फोर्ट्रानमधील आज्ञावल्या पुस्तकातच छापल्या. भारतात त्या सुमारास मोठा संगणक ही दुर्मिळ वस्तू होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला. कामे पंचकार्डांवर द्यायची आणि निकालाची वाट पाहायची, असा तो काळ. अमेरिकेत मोन्सँटो कंपनीने स्वतःसाठी तयार केलेले फ्लोट्रान १९७० च्या दशकात विद्यापीठांतील शिक्षणासाठीही उपलब्ध झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर कोळशापासून इंधन करण्याचे प्रकल्प पुढे आले आणि घन पदार्थांचेही गणित करील अशा प्रणालीची गरज भासली. अमेरिकी शासनाच्या निधीतून एमआयटीमध्ये लॉरेन्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली १९७६ ते १९८१ या काळात 'अॅस्पेन' प्रकल्प चालला. १९८१ मध्येच त्यातून व्यापारी कंपनी निघाली. सार्वजनिक पैशातून झालेले काम पुढे परवान्याच्या किमतीत विकले गेले, याची नोंद शिक्षणक्षेत्राने तरी घ्यायला हवी. कॅनडात कॅलगरी येथे हायप्रोटेक कंपनीने प्रथम हायसिम व नंतर हायसिस आणले. २००२ मध्ये ती अॅस्पेन कंपनीकडे गेली.

भारतातील महाविद्यालयांत वैयक्तिक संगणकांच्या प्रयोगशाळा १९९० च्या दशकात वाढल्या, पण हे सॉफ्टवेअर त्यांच्यासोबत आले नाही. आयआयटी आणि मोजक्या संस्थांना परवाने परवडत. जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय किंवा पदविका संस्था यांच्यापुढे दोनच मार्ग राहत : विषय नुसता फळ्यावर शिकवणे, किंवा कुठून तरी आलेली बेकायदा प्रत चालवणे. अशा प्रतीवर शिकलेल्या विद्यार्थ्याला ती घरी नेऊन उघडून पाहता येत नसे, आत कोणते सूत्र वापरले आहे हेही कळत नसे. नोकरीच्या मुलाखतीत मात्र 'कोणता सिम्युलेटर येतो?' हा प्रश्न त्यालाही विचारला जाई. मोठ्या शहरातील व छोट्या गावातील विद्यार्थी यांच्यातील दरी बुद्धीची नव्हती, परवान्याची होती.

ही दरी कमी झाली ती ब्राझीलमधील एका अभियंत्यामुळे. डॅनियल वॅग्नर यांनी २००८ च्या सुमारास 'डीडब्ल्यूसिम' हा सिम्युलेटर मुक्त परवान्याखाली उपलब्ध केला. त्यात राउल्टचा नियम, सोआव्हे, पेंग-रॉबिन्सन, एनआरटीएल, युनिक्वॅक, युनिफॅक आणि पाणी-वाफेसाठी १९९७ ची आंतरराष्ट्रीय सूत्रे आहेत. मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते. भारतात २००९ मध्ये केंद्र शासनाचे माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू झाले. त्याच्या निधीतून आयआयटी मुंबईत 'फॉसी' प्रकल्प उभा राहिला. रासायनिक अभियांत्रिकीचे प्रा. कन्नन मौद्गल्य हे त्यामागील प्रमुख नाव. फॉसीने डीडब्ल्यूसिमचा प्रसार हाती घेतला, आणि देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून फ्लोशीट तयार करून घेऊन, तपासून, सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. विद्यार्थ्याला त्याबद्दल प्रमाणपत्र व मानधन मिळे. छोट्या संस्थेतील मुलाचे काम देशातल्या कोणत्याही अध्यापकाने उघडून पाहावे, ही गोष्ट परवान्याच्या काळात शक्य नव्हती.

साधन हाती आले, पण त्यासोबत जुना संस्काराचा प्रश्नही आला. त्यासाठी पुन्हा उज्जैनला यावे लागते. येथे १९६६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे व तेथे रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा सरासरी दाब सुमारे ९५.६ किलोपास्कल असतो आणि पाणी १०० नव्हे, तर साधारण ९८.४ अंश सेल्सियसला उकळते. सिम्युलेटरमध्ये नवा प्रवाह टाकला की दाबाच्या रकान्यात १०१.३२५ किलोपास्कल हा समुद्रसपाटीचा आकडा आधीच भरलेला असतो. बहुतेक विद्यार्थी तो तसाच ठेवतात.

फरक किरकोळ वाटेल, म्हणून गणित करून पाहावे. बेंझीन व टोल्युइन यांचे सममोल मिश्रण ९५ अंश सेल्सियसला, उघड्या वातावरणाच्या दाबाला आहे. आंत्वान समीकरणाने या तापमानाला बेंझीनचा बाष्पदाब १५६.९ व टोल्युइनचा ६३.६ किलोपास्कल येतो. समुद्रसपाटीचा दाब धरला, तर राउल्टच्या नियमानुसार द्रवात बेंझीनचा मोल-अपूर्णांक ०.४०४ व वाफेत ०.६२६ मिळतो, आणि एकूण मिश्रणाचा ४३ टक्के भाग वाफ होतो. आता दाब ९५.६ धरावा. द्रवात ०.३४३, वाफेत ०.५६३, आणि वाफेचा भाग ७१ टक्के. दाबात सहा टक्क्यांहून कमी फरक पडला आणि वाफेचे प्रमाण दीडपटीहून जास्त झाले. मुंबईच्या पुस्तकातले उत्तर माधव नगरात चूक ठरते, आणि यंत्र त्याबद्दल काहीही बोलत नाही. हे सारे गणित कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत होते. ते आधी हाताने केलेल्या विद्यार्थ्याला पडद्यावर ४३ दिसताच शंका येईल. ज्याने केले नाही त्याला येणार नाही.

प्रॉपर्टी पॅकेजची चूक याहून गंभीर. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांमुळे अल्कोहोल व पाणी ही जोडी मराठी विद्यार्थ्याला जवळची आहे. नेहमीच्या दाबाला या मिश्रणाचा अॅझिओट्रोप वजनाने सुमारे ९५.६ टक्के अल्कोहोलवर, ७८.२ अंशांना येतो. त्यापुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही, म्हणूनच पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या निर्जल अल्कोहोलसाठी आण्विक चाळणीसारखा वेगळा टप्पा लागतो. परंतु सिम्युलेटरमध्ये राउल्टचा नियम निवडला, तर तो स्तंभाला पुरेशी ताटे देताच ९९.९ टक्के अल्कोहोल काढून देतो. पडद्यावर हिरवी खूण येते आणि अहवाल छापून निघतो. एनआरटीएल निवडून तीच आकृती पुन्हा चालवली की स्तंभ अॅझिओट्रोपशी अडतो. हे दोन अहवाल विद्यार्थ्यासमोर शेजारी ठेवणे हे प्रकरणभर व्याख्यानापेक्षा परिणामकारक आहे, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात त्यासाठी अध्यापकाने दोन्ही वेळा प्रयोग स्वतः करून पाहिलेला हवा.

उज्जैनच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा मोठा रासायनिक कारखाना चंबळेकाठच्या नागद्याचा. तेथे ग्रासिमचे व्हिस्कोज तंतूचे उत्पादन १९५४ मध्ये सुरू झाले. तंतू ज्या द्रावात घट्ट होतो त्यात सल्फ्युरिक आम्ल, सोडियम सल्फेट आणि पाणी असते. त्यातले जादा पाणी उडवून सोडियम सल्फेटचे स्फटिक वेगळे करावे लागतात. हे आयनांचे द्रावण आहे. नैसर्गिक वायूसाठी घडलेले पेंग-रॉबिन्सन येथे उपयोगाचे नाही, साधे एनआरटीएलही नाही; त्यासाठी चेन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या विद्युत-अपघटनी प्रारूपाच्या जातीचे काहीतरी लागते. औद्योगिक भेटीहून परतलेल्या विद्यार्थ्याला तोच बाष्पीभवक पडद्यावर मांडायला सांगितले, तर त्याचा पहिला अर्धा तास नळ्या जोडण्यात नव्हे, प्रॉपर्टी पॅकेजच्या यादीसमोर गेला पाहिजे. दाबाचा रकाना त्यानंतर भरायचा. बाष्पीभवक निर्वातावर चालत असेल, तर त्या दाबमापकावरचा आकडा समुद्रसपाटीच्या हवेपासून मोजायचा की नागद्याच्या हवेपासून, हेही त्याला तेव्हाच ठरवावे लागेल.