नीलगिरीचे तेल आणि दमेकऱ्याची छाती

पावसाळी हवेत पडसे झाले, की डोक्यावर घोंगडी घेऊन वाफारा घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. पातेल्यात नीलगिरीच्या तेलाचे दोन थेंब पडतात आणि आजी म्हणते, "बघ, छाती कशी मोकळी होईल!" तेलाला नाव निलगिरीच्या डोंगराचे, पण झाड मात्र तिथले नव्हे. ते ऑस्ट्रेलियाचे. उटकमंडला ते १८४३ मध्ये आणून लावले, आणि तेही औषधासाठी नव्हे, सरपणासाठी!

तेलाची हकिगत त्याहून जुनी आहे. १७८८ मध्ये इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात कैद्यांची वसाहत केली. बरोबर जॉन व्हाइट नावाचे शल्यवैद्य होते. तिथल्या एका झाडाच्या पानांना पेपरमिंटसारखा वास येतो, हे पाहून त्यांनी तेल काढवले आणि दिले कुणाला, तर पोटदुखीच्या रोग्यांना. छातीचे नावच नाही! पुढे १८५० नंतर व्हिक्टोरियातील औषधविक्रेते जोसेफ बॉसिस्टो यांनी, फर्डिनांड फॉन म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रोत्साहनाने, तेलाच्या भट्ट्या घातल्या. १८७० मध्ये क्लोएझ या फ्रेंच रसायनज्ञाने त्यातल्या मुख्य द्रव्याला युकॅलिप्टॉल हे नाव दिले. त्यालाच सिनिऑलही म्हणतात.

आता दमा म्हणजे काय? श्वासनळ्यांच्या अस्तराला सूज येते, कफ साचतो, वाट अरुंद होते. वासाने नाक मोकळे वाटेल. पण वाटणे निराळे आणि सूज उतरणे निराळे. हा भेद पारखला तो जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्टेरॉइडच्या गोळ्यांवाचून ज्यांचे चालत नव्हते असे ३२ दमेकरी होते. निम्म्यांना शुद्ध सिनिऑल, २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. बारा आठवड्यांत सिनिऑलवाल्यांचे स्टेरॉइड सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आले, इतरांचे अवघे ७ टक्क्यांनी. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. तेव्हा ही बचत लहान नव्हे. रोगी मात्र फार थोडे, हे मी विसरत नाही. २००९ मध्ये २४२ रोग्यांचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा जुना विकार होता. नेहमीच्या औषधांच्या जोडीला सिनिऑल दिल्यावर आजार उसळण्याचे प्रसंग कमी झाले.

पण हे सारे मोजून दिलेल्या कॅप्सुलांचे, आपल्या बाटलीतल्या तेलाचे नव्हे. ते तेल चमचाभर जरी पोरासोरांच्या पोटात गेले, तरी झटके येतात, शुद्ध हरपते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर ते कधीच लावू नये, श्वास कोंडतो. आणि दमेकऱ्याने डॉक्टरांना न विचारता आपला पंप बंद करून वाफाऱ्यावर भिस्त ठेवू नये. बॉनच्या रोग्यांचे स्टेरॉइडदेखील डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच उतरवले होते.