जलजन्य विषाणूंचे अधिशोषण

पाण्यातून वाहत आलेले विषाणू वाळू, माती, खनिजे किंवा गाळणीचे पटल यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहण्याच्या भौतिक-रासायनिक प्रक्रियेस जलजन्य विषाणूंचे अधिशोषण असे म्हणतात. शोषण आणि अधिशोषण हे समानार्थी शब्द नव्हेत. टिपकागद शाई आत ओढून घेतो ते शोषण. अधिशोषणात कण केवळ पृष्ठभागावर बसतो. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ या प्रक्रियेत मोठा फेरफार घडवितात. त्यामुळे भूजलाची सुरक्षितता ठरविताना त्यांचा विचार अपरिहार्य ठरतो.

पार्श्वभूमी

पोलिओच्या विषाणूचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर असतो. सामान्य जीवाणू त्याच्या तीसपट किंवा त्याहूनही मोठा असतो. वाळूच्या दोन कणांमधील पोकळी विषाणूच्या मानाने इतकी प्रशस्त असते की, तो तेथे अडकून राहणे शक्य नसते. म्हणजे जमीन विषाणूला 'गाळते' असे आपण म्हणतो, तेव्हा ती प्रत्यक्षात त्याला चिकटवून घेत असते.

आकर्षण आणि प्रतिकर्षण

विषाणूच्या प्रथिन कवचावर विद्युत प्रभार असतो. ज्या सामूला (पीएच मूल्याला) हा प्रभार एकंदरीत शून्य होतो, त्यास समविद्युत बिंदू म्हणतात. प्रयोगांत आंत्रविषाणूंच्या जागी वापरल्या जाणाऱ्या एमएस-२ या जीवाणुभक्षी विषाणूचा समविद्युत बिंदू ४ च्या आसपास आहे. नैसर्गिक पाण्याचा सामू बहुधा ६ ते ८ असल्याने तो तेथे ऋणप्रभारित असतो. स्वच्छ वाळूतील क्वार्ट्झही ऋणप्रभारित असल्याने दोहोंत प्रतिकर्षण होते. याउलट लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे अशा पाण्यात सामान्यतः धनप्रभारित असतात आणि विषाणूंना घट्ट धरतात. कोकणातील जांभ्याला तांबडा रंग देणारी ऑक्साइडे याच जातीची होत.

डेर्यागिन, लांदाऊ, व्हेरवे व ओव्हरबेक यांनी १९४० च्या दशकात मांडलेला सिद्धांत या विद्युत बलाची व्हान डर वाल्स आकर्षणाशी बेरीज करतो. तथापि विषाणूचे कवच म्हणजे गुळगुळीत चेंडू नव्हे. पाण्यापासून दूर राहू पाहणारे त्यावरील जलविरोधी भाग या गणितात बसत नाहीत.

सेंद्रिय पदार्थांचा प्रभाव

कुजलेल्या पालापाचोळ्यापासून बनणारी ह्यूमिक व फल्व्हिक आम्ले तसेच सांडपाण्यातील प्रथिने व साबणसदृश द्रव्ये विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांत मोडतात. ह्यूमिक आम्ले ऋणप्रभारित असल्याने लोह-ऑक्साइडावरील धनप्रभारित जागा ती व्यापून टाकतात. पुढे आलेल्या विषाणूस जागा तर उरत नाहीच, शिवाय पृष्ठभागाचा प्रभारच उलटलेला असतो.

या परिणामाचे प्रत्यक्ष जमिनीतील उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथे मिळाले. तेथील वालुकामय जलधराचा एक भाग सांडपाण्याने दूषित होता. वाळूच्या कणांवर लोह-ऑक्साइडांचा लेप होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पीआरडी-१ हा जीवाणुभक्षी विषाणू भूजलात सोडला असता अदूषित भागात पहिल्याच मीटरमध्ये सुमारे ८३ टक्के विषाणू अडले, तर दूषित भागात केवळ ४२ टक्के. रोगकारक विषाणूही मुख्यतः सांडपाण्यातूनच येतात. त्यामुळे जमिनीच्या पकडीची निकड जेथे सर्वाधिक, तेथेच ती सैल पडते. शोषखड्डा आणि विहीर यांमधील अंतर केवळ स्वच्छ वाळूवरील प्रयोगांच्या आधारे ठरविणे या कारणाने धोक्याचे आहे.

परिणाम मात्र सर्वत्र एकाच दिशेचा नसतो. कॅल्शियमयुक्त कठीण पाण्यात कॅल्शियमचे आयन सेंद्रिय थर व विषाणू यांच्यात पुलासारखे काम करतात आणि अधिशोषण वाढू शकते. जलविरोधी भाग अधिक असलेले विषाणूही सेंद्रिय थरावर कधी कधी बरे चिकटतात.

अपशोषण

चिकटलेला विषाणू मेलेला असतोच असे नाही. पुष्कळदा त्याची संसर्गक्षमता टिकून राहते. काही धातू-ऑक्साइडांवर तो निष्क्रिय होतो, हा अपवाद. पावसाचे पाणी क्षारविरहित असते. असे पाणी जमिनीत मुरल्यावर प्रभारांवरील आवरण विरळ होऊन प्रतिकर्षण बळावते आणि पूर्वी धरलेले विषाणू पुन्हा सुटून वाहू लागतात.

प्रयोगशाळेत हाच दोष उपयोगी पडतो. पाण्यातील विरळ विषाणू शोधण्यासाठी ते पाणी धनप्रभारित गाळणीतून सोडतात. नंतर मांसार्काचा अल्कधर्मी द्राव गाळणीतून फिरवितात. त्यातील प्रथिने विषाणूंना जागेवरून हुसकावतात व थोड्या द्रवात ते गोळा होतात. नमुन्याचे पाणी ह्यूमिक द्रव्यांनी पिवळसर असेल, तर गाळणीच्या जागा आधीच भरतात आणि विषाणू असूनही चाचणीत कमी दिसतात.

जलशुद्धीकरण

तुरटीमुळे पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो आणि विषाणू त्यास चिकटून तळाशी बसतात. सेंद्रिय पदार्थ तुरटीचा बराच भाग स्वतःच गुंतवून ठेवत असल्याने गढूळपणा तोच असूनही मात्रा वाढवावी लागते. क्लोरीनचीही तीच गत होते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात शिरले आणि काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण आढळले. जीवाणुजन्य रोगांची तशी साथ मात्र आली नाही. जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून ही साथ हेपॅटायटिस ई विषाणूची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्या साथीत अधिशोषणाचा वाटा किती होता हे वेगळे काढता येत नाही. पण जीवाणूंसाठी पुरेशी ठरलेली प्रक्रिया विषाणूंसाठी अपुरी पडू शकते, हे तीवरून दिसते.