सोराफेनिब: एक गोळी, दोन निशाणे आणि मुंबईतला एक निकाल

पेशीला बाहेरून आलेला इशारा आधी रिसेप्टर पकडतो. मग रॅस, रॅफ, मेक, अर्क अशा प्रथिनांच्या साखळीतून तो केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी विभागायला लागते. कर्करोगात ही साखळी बऱ्याचदा बंदच होत नाही. यातलं रॅफ हे कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम. त्याला अडवण्यासाठी बायर आणि ऑनिक्स या कंपन्यांनी 1990 च्या दशकात रेणू शोधायला घेतले. त्यातून सोराफेनिब आलं. नावातच 'राफ' आहे बघा!

खरी गंमत पुढे आहे. हाच रेणू गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या पेशींवरचे आणि त्या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशींवरचे रिसेप्टरही अडवतो, असं दिसलं. म्हणजे कर्कपेशीसोबत तिच्या आजूबाजूच्या ऊतीवरही मारा. नव्या रक्तवाहिन्या रोखल्या तर गाठ वाढणार नाही, ही कल्पना जुडा फोकमन यांनी 1971 मध्येच मांडली होती.

अमेरिकेत 2005 मध्ये मूत्रपिंडाच्या आणि 2007 मध्ये यकृताच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता मिळाली. यकृताच्या चाचणीत मध्यक आयुर्मान 7.9 वरून 10.7 महिन्यांवर गेलं. रोग बरा होत नाही, पण जवळपास तीन महिने मिळतात.

भारतात मात्र महिन्याचा खर्च होता सुमारे 2 लाख 80 हजार रुपये. आमच्या वांगणी-बदलापूरकडून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाने एवढे पैसे आणायचे कुठून? हैदराबादच्या नॅटको कंपनीने 2011 मध्ये पेटंट कायद्याच्या कलम 84 खाली अर्ज केला. 9 मार्च 2012 रोजी मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला: महिन्याच्या 120 गोळ्या 8,880 रुपयांत, आणि बायरला 6 टक्के रॉयल्टी. ही रॉयल्टी पुढे अपिलात 7 टक्के झाली. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला.

बायरचं म्हणणं होतं की संशोधनाचा खर्च निघाला नाही तर नवीन औषधं येणार कशी? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण किंमत परवडत नसेल तर औषध लोकांपर्यंत पोहोचलं असं म्हणता येत नाही, हे निकालाने स्पष्ट केलं.

म्हणून मित्रांनो, संशोधनाचा विषय निवडताना 'टार्गेट कोणतं?' एवढंच विचारून थांबू नका. ते कोणत्या पेशीवर आहे, रुग्णाला त्याने नेमकं किती मिळतं आणि ते त्याच्या हातात पडतं का, हेही विचारा.