दियत, आगगाडी आणि अपघाताचा दावा

अपघातात माणूस गेला की आपल्या मोहल्ल्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'अल्लाहची मर्जी.' दुसरे, 'मय्यतीचे पैसे काय घ्यायचे?' पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल मात्र इतिहास तपासायला हवा. ज्या परंपरेचे नाव सांगून दावा सोडला जातो, तिनेच चुकून झालेल्या मृत्यूची भरपाई वारसांचा हक्क म्हणून सांगितली आहे.

सूरह निसाची ९२ वी आयत चुकून झालेल्या हत्येबद्दल आहे. वारसांना दियत द्यावी, त्यांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. माफी वारसांच्या हातात आहे, म्हणजे हक्कही त्यांचाच. फिकहच्या ग्रंथांत तर जखमांचा तक्ताच सापडतो. पूर्ण दियत शंभर उंट, एक डोळा गेला तर तिच्या निम्मी, एका बोटाला दहावा हिस्सा, एका दाताला पाच उंट. हनफी मतानुसार चुकून घडलेल्या मृत्यूची दियत एकट्या गुन्हेगाराच्या गळ्यात पडत नसे. त्याचे कुळ, किंवा हजरत उमर यांच्या काळापासून दिवाणात त्याच्यासोबत नोंद असलेले साथी, मिळून ती तीन वर्षांत फेडत. या व्यवस्थेला 'आकिला' म्हणत. याला सोन्याचे दिवस म्हणायचे कारण नाही. बहुतेक फकीहांनी स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी धरली, गुलामाचा हिशेब तर वेगळाच होता. पण स्वतंत्र पुरुषांपुरते बोलायचे तर वजिराचे बोट आणि हमालाचे बोट एकाच भावाचे होते. आज न्यायालय आधी उत्पन्नाचा दाखला मागते.

बंगालमध्ये कंपनी सरकारने फौजदारी न्यायासाठी हाच इस्लामी कायदा चालू ठेवला होता. १७९० नंतर कॉर्नवॉलिसच्या काळात वारसांचा माफीचा अधिकार गेला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत दियतीच्या जागी कैद आली. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेने जुने धर्माधारित फौजदारी कायदे बाजूला सारले. खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा ठरला, हे एका अर्थी बरेच झाले. पैसेवाल्याला खून पचवता येईना. पण गुन्हेगार तुरुंगात गेला तरी विधवेच्या चुलीचे काय, हा प्रश्न फौजदारी कायद्यातून निघून गेला.

तो परत आला आगगाडीबरोबर. इंग्लंडमध्ये तेव्हा विचित्र नियम होता. जखमी माणूस दावा लावू शके, पण तो मेला की दावाही त्याच्याबरोबर पुरला जाई. माणूस लंगडा करण्यापेक्षा ठार करणे कंपनीला स्वस्त पडे! १८४६ च्या कायद्याने हे तिथे बदलले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानातही तसाच 'फेटल अॅक्सिडेंट्स अॅक्ट' आला. मृताची पत्नी किंवा पती, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागता येऊ लागली. भाऊबहीण त्यात नव्हते. वडील वारल्यावर थोरल्या भावाने घर चालवायचे, ही आपल्याकडची रीत विलायतेच्या नमुन्यात कुठून असणार?

शिवाय चूक समोरच्याची होती हे सिद्ध करावे लागे, तेही दिवाणी कोर्टात. गिरणीत पट्ट्यात हात अडकलेल्या कामगाराने मालकाविरुद्ध साक्षीदार कुठून आणायचा? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने, जो १ जुलै १९२४ पासून लागू झाला, कामावर झालेल्या इजेला मालकाची चूक सिद्ध करण्याची अट ठेवली नाही. त्याच्या परिशिष्टात कोणत्या अवयवाला किती टक्के, असा तक्ता होता. पुढे त्यात अंगठ्याला ३०, एका डोळ्याला ४० असे आकडे होते. फिकहच्या तक्त्याची आठवण येते. एकातून दुसरा निघाला असे मात्र मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही.

रस्त्यावरच्या माणसाला आणखी थांबावे लागले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणे आली. १९८२ मध्ये चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये ठरले. भावाचा प्रश्न १९८७ पर्यंत लोंबकळत राहिला. गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातात मेलेल्याचा भाऊही दावा लावू शकतो असे मान्य केले. १८५५ पासून मोजा, १३२ वर्षे. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. आकडा लहान वाटतो, पण घरकामाचा हिशेब झाला.

मुदतीचीही गोष्ट आहे. १९८८ च्या कायद्यात दाव्याला सहा महिने होते, १९९४ मध्ये ती अट गेली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने परत आले. आपल्याकडे हे महिने कसे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. चाळिसावा होतो, इद्दत संपते, मधल्या काळात गाडीमालकाचा माणूस थोडी रक्कम घेऊन येतो, मोहल्ल्यातले वडीलधारे 'मिटवून टाका' म्हणतात. माफ करणे वारसांच्या हातात आहेच. पण आपला हक्क किती आहे हे कळायच्या आधी सही घेतली जाते तिला माफी म्हणत नाहीत. पोलिसांचा खटला वेगळा आणि न्यायाधिकरणातला दावा वेगळा. ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून दावा बुडत नाही. आणि अपघात नागपूरकडे झाला असला तरी विधवा मालेगावात राहत असेल तर तिला तिच्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज देता येतो.