शिवी कुणाच्या तोंडी, कुणाच्या कानी

साल 1947. थंडी पडायला लागली आहे. तुम्ही आजच्या लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या आठवडी बाजारात उभे आहात. चार महिन्यांपूर्वी दिल्लीत तिरंगा चढला, पण इथं अजून निजामाचं राज्य आहे. जवळचं उदगीर बिदर जिल्ह्यात मोडतं, कचेरीचा कागद उर्दूत निघतो आणि तुमच्या खिशात हाली शिक्का खुळखुळतो. ज्वारीच्या पोत्यांपाशी गर्दी दिसते. तिथं जाऊ नका. आधी इथंच, मिरच्यांच्या ढिगाजवळ थांबा आणि कान उघडे ठेवा.

दोन गडी एकमेकांना भेटतात. "का बे रांडच्या, कव्हा आलास?" "आत्ताच की लेका." दोघंही हसतात, एकाच्या बिडीवर दुसरा बिडी पेटवतो. पलीकडं एक म्हातारी मिरच्या विकते आहे. गिऱ्हाईक मुठीनं जास्तीच्या मिरच्या पिशवीत ढकलतं, तशी ती ओरडते, "तुझा मुडदा बशिवला, ठेव खाली!" गिऱ्हाईक मुकाट्यानं अर्ध्या मिरच्या परत टाकतं. कुणी चिडत नाही. पोर हात सोडून पळतं, आई त्याला म्हणते, "तुला पटकी येवो." पटकी म्हणजे कॉलरा. ज्या बाईनं मरीआईच्या फेऱ्यात घरंच्या घरं रिकामी झालेली पाहिली, तीच हे पोटच्या पोराला म्हणते आणि दुसऱ्या क्षणी त्याला कडेवर घेते.

आता पोत्यांकडं या. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायच्या धान्याची, वसुली चालली आहे. सरकारी माणूस खुर्चीवर बसलाय, शेतकरी हात जोडून उभा आहे. "अबे हरामखोर, कितना छुपाके रखा?" शेतकरी म्हणतो, "न्हाई मालक, समदं हेच हाय." बापाच्या शेजारी दहा वर्षांचं पोरगं उभं आहे. त्याच्याकडं बघा. मघाशी ऐकलेल्या तिन्ही शिव्यांपेक्षा हा शब्द काही फार घाण नाही. 'हरामखोर' तर या बाजारात दोस्त दोस्ताला सहज म्हणतो. पण पोरगं बापाच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळतंय. बाप उलटून तोच शब्द देऊ शकत नाही, हे त्याला कळलंय. शिवीचा सगळा जोर तिथं आहे. शब्द किती अभद्र, यापेक्षा समोरच्याला तो परत फेकता येतो का, याच्यावर तिचं वजन ठरतं.

हा जोर कुठून आला, ते बघायला आठशे वर्षांच्या आसपास मागं चला.

शके 1108. मुंबईच्या परळ गावात शिलाहार राजा अपरादित्याचं दानपत्र दगडावर कोरलं जातंय. पाथरवट छिन्नी चालवतोय. वर चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालावं. मधे मजकूर. आणि शेवटी, जो कुणी हे दान मोडील त्याच्यासाठी एक शाप. तो वाचाल तर तुम्ही दचकाल. शाप दान मोडणाऱ्याला नाही, त्याच्या आईला आहे, आणि त्यात गाढव आहे. अशा दगडांवर पुष्कळदा ते चित्रही काढलेलं असतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. गधेगाळ म्हणतात त्याला. महाराष्ट्रात ठिकठिकाणी, शिवारात, देवळांच्या आवारात असे दगड सापडतात. लोक कधी त्यांना शेंदूर फासून पुजतात. परळचा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

त्या पाथरवटाशेजारी जरा जास्त वेळ उभे राहा. आईवरून दिलेली शिवी म्हणजे अडाण्यांची, गल्लीबोळातली, दारूच्या गुत्त्यावरची, असं आपण मानत आलो. इथं ती राजाच्या हुकमानं, देवाच्या नावाशेजारी, खर्च करून दगडात कोरली जातेय. मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखी नमुन्यांत ही शिवी आहे. ज्या बाईचा त्या जमिनीशी, त्या दानाशी, त्या गुन्ह्याशी काही संबंध नाही, तिचं शरीर दंड म्हणून पुढं केलंय. लेव्हीवाल्याच्या तोंडातला दर्प इतका जुना आहे. या दगडांचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. हा भागही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा.

तिथून सव्वाशे-दीडशे वर्षं पुढं, पंढरपुरात. पहाट झालेली नाही. नामदेवांच्या घरात जात्याची घरघर ऐकू येते. दळणारी बाई आपल्या भागातली आहे, गोदाकाठच्या गंगाखेडची. जळकोटाहून गंगाखेड आज गाडीनं दोनेक तासांत येतं. जनाबाई. जन्मानं खालची मानलेली, पोटासाठी दुसऱ्याच्या घरी राबणारी. ती विठ्ठलाला हाक मारते ती 'विठ्या' म्हणून. आणि थांबत नाही. त्याला नावं ठेवते, त्याचा मुडदा काढते, त्याच्या बायकोला रंडकी करून टाकते. गाभाऱ्यातल्या देवाला एक दासी अंगणात उभी राहून अशी शिवी देते, आणि वारकरी सातशे वर्षं ती टाळ-मृदंगावर म्हणत आलेत. कुणी तो अभंग गाथेतून काढून टाकला नाही.

परळच्या दगडावर शिवी वरून खाली येते. जनाबाईच्या तोंडून ती खालून वर जाते. मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात मोठी शिवी जनाबाईची, कारण तिनं ती ज्याला उत्तर देणं भाग नाही अशाला दिली आणि त्याला ऐकायला लावली.

आता एकदम 1890च्या सुमाराला या. हिंगोलीची छावणी. हैदराबाद कंटिंजंटचे घोडेस्वार परेडवर आहेत. अशीच छावणी तिकडं मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला. निजामाच्या खर्चानं पोसलेली, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज. साहेब घोड्यावरून ओरडतो. तुम्हाला वाक्य कळत नाही, पण दोन शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतात, 'डॅम' आणि 'ब्लडी'. शिपायाला त्यांचा अर्थ ठाऊक नाही, वजन मात्र बरोबर कळतं. 'डॅम बीस्ट'चं मराठीत 'डांबिस' झालं असं सांगतात. आज आपण नातवाला कौतुकानं डांबिस म्हणतो. साहेबाची शिवी आजीच्या ओठांवर येऊन अशी मऊ झाली.

देवघेव दोन्हीकडून झाली. गोरा सोल्जर इथल्या आईबहिणीच्या शिव्या सगळ्यात आधी शिकला. हिंदुस्थानी-इंग्रजी बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश 1886 साली निघाला, त्यात अशा शिव्या आहेत. तिकडच्या सामान्य वाचकाला त्यांचा घाण अर्थ उमगणार नाही म्हणूनच आपण त्या छापायला धजतो, अशा आशयाची पुस्ती कोशकारांनी जोडली आहे. मोल्सवर्थचा मराठी कोश त्याच्याही कितीतरी आधीचा, पहिली आवृत्ती 1831 ची. त्यात शब्दापुढं ही शिवी आहे, ही हलकी शिवी आहे, अशा नोंदी आढळतात. राज्य करायचं तर रयत कुणाला काय म्हणते आणि किती जोरानं म्हणते, हे साहेबाला ठाऊक हवं होतं.

हाच साहेब आपल्या देशात, बायकांच्या बैठकीत 'ब्लडी' उच्चारत नाही. तिथं तो शब्द गोदीवाल्यांचा, गाडीवानांचा. त्यासाठी तुम्हाला लंडनला न्यायला हवं. 11 एप्रिल 1914, हिज मॅजेस्टीज थिएटर. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' चालू आहे. रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा उच्चारांचे धडे गिरवून मोठ्या घरच्या चहाला आली आहे. ती निघते, कुणी विचारतं, बागेतून चालत जाणार का? आणि मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल ठसक्यात उत्तर देते, त्यात 'ब्लडी' येतो. तुमच्या शेजारची मंडळी आधी श्वास रोखतात, मग हशा उसळतो आणि थांबता थांबत नाही. पुढं तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटणारे लोक त्याच्या जागी 'पिग्मॅलियन' म्हणू लागले. गंमत म्हणजे देवाच्या नावानं घेतलेली 'देव मला आंधळं करो' ही शपथ तिकडं झिजून 'ब्लायमी' झाली, जशी आपल्याकडं आईवरची आख्खी शिवी झिजून 'आयला' उरली. म्हणणाऱ्याला वाटतं आपण काहीच म्हटलं नाही.

पु. ल. देशपांड्यांनी 1975 साली याच नाटकाचं मराठी रूप, 'ती फुलराणी', आणलं तेव्हा भक्ती बर्वेची मंजुळा रंगमंचावर अस्सल रस्त्यावरची मराठी घेऊन आली. शुद्ध बोलणारा प्रेक्षक टाळ्या वाजवत होता. पण त्याच प्रेक्षकांतल्या कित्येकांच्या घरी भांडी घासणारी बाई तसंच बोलली असती तर तिला गप्प केलं गेलं असतं. हे लंडनलाही होतं आणि पुण्यालाही.

परत येताना सातारा जिल्ह्यावरून चला. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीचा दुसरा दिवस. दोन्ही काठांवर बायका जमल्यात, वाद्यं वाजतायत, आणि पदर खोचून, हातवारे करून त्या एकमेकींना शिव्या घालतायत. बोरीचा बार म्हणतात त्याला. वर्षभर ज्यांनी सासरी खाली मान घालून ऐकून घेतलं, त्या एक दिवस मोकळ्या गळ्यानं बोलतात. लग्नात विहिणी एकमेकींचं उणंदुणं गाण्यातून काढतात, तेही याच जातीचं. तिथं शिवी देणारी आणि घेणारी एकाच उंचीवर उभ्या आहेत, म्हणून संध्याकाळी दोन्ही काठांवरच्या चुली सुखानं पेटतात.

पण त्या बायकांच्या शिव्याही नीट ऐका. रांड म्हणजे विधवा. वांझ, निपुत्री, पांढऱ्या पायाची, अवदसा. पुरुषाला शिवी द्यायची तर आई-बहीण मधे, बाईला द्यायची तर तिचा नवरा मेला किंवा मूल झालं नाही हा तिचा गुन्हा. बाई बाईला शिवी देते तेव्हाही हत्यार पुरुषाच्याच घरात घडवलेलं असतं.

आता जातीवरून दिलेल्या शिवीकडं वळा. 30 जानेवारी 1990. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या दिवसापासून लागू होतो. कायदा 1989 चा. त्याआधी जळकोटच्या आसपास कुठल्याही गावात तुम्ही उतरलात तर पारावर, पाणवठ्यावर, रोजगाराच्या हिशेबात जातीचं नावच शिवी म्हणून वापरलेलं तुम्हाला ऐकू आलं असतं. त्याला उलट शब्दच नव्हता. वरच्या जातीचं नाव घेऊन कुणी शिवी दिली असं सहसा होत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान केला तर तो गुन्हा, असं या कायद्यानं ठरवलं. लेव्हीच्या पोत्याशेजारी उभ्या त्या पोराच्या बापाला जे करता आलं नाही, ते करायला कागदाचा आधार मिळाला. हा कायदा कडक आहे अशी कुरकूर अजून ऐकू येते. ती करणाऱ्यानं त्या पोराच्या जागी क्षणभर उभं राहावं.

शेवटचा मुक्काम, नोव्हेंबर 2024. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा गाव. ग्रामसभा भरली आहे. ठराव असा की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. राजानं जी शिवी दगडात कोरून घेतली होती, ती एका गावानं हात वर करून नाकारली.

आता तुम्ही जळकोटला परत आलात. 1982 साली लातूर जिल्हा झाला, जळकोट आज तालुक्याचं ठिकाण आहे, बाजार तसाच गजबजलेला. एसटी स्टँडावर कॉलेजची पोरं एकमेकांना हाका मारताना आईला मधे आणतात, त्यांच्याजवळून त्यांच्या आया भाजीच्या पिशव्या घेऊन जातात.

तालुक्यातल्या गावांनी सौंदाळ्यासारखा ठराव करावा, असं माझं म्हणणं आहे. दोस्तानं दोस्ताला लेका म्हणावं, म्हातारीनं मिरच्या चोरणाऱ्याचा मुडदा बसवावा, जनाबाईनं विठ्याला हाक मारावी. त्यांना दंड नको. दंड असावा तो बाईच्या शरीरावरून आणि माणसाच्या जातीवरून दिलेल्या शिवीला. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर, जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात हा विषय घ्या, आणि ठराव मांडायला गावातल्या एखाद्या बाईलाच उभं करा.