यंत्राला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर



आजची गोष्ट अमेरिकेतल्या ग्रेस हॉपर यांची. जन्म १९०६चा, न्यूयॉर्कचा. गणितात डॉक्टरेट मिळवून त्या कॉलेजात शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेल्या आणि १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क वन या अवाढव्य गणकयंत्रावर कामाला लागल्या.

तेव्हा यंत्राला काम सांगायचं ते नुसत्या आकड्यांत. एखादी आकडेमोड जमली की वहीत टिपून ठेवायची आणि पुढच्या कामात हातानं उतरवायची. उतरवताना चुका होत. गटाच्या वहीत मागची बाकी पुढच्या पानावर ओढताना होतात ना, तशाच! शिवाय तुकडा नव्या जागी बसवला की जागांचे क्रमांक बेरीज करून बदलायचे. तिथंही चूक.

हॉपरबाई म्हणाल्या, नक्कल आणि बेरीज ही तर यंत्राचीच कामं. भजनाच्या वहीत आपण ध्रुवपद एकदाच लिहितो, पुढं नुसतं ‘ध्रु.’. तसा त्यांनी प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि तुकडे चुंबकीय फितीवर साठवले. क्रमांक सांगितला की यंत्रच तुकडा शोधून जागेवर बसवी. १९५२च्या सुमाराला हे चालू झालं. नाव दिलं कंपायलर, म्हणजे जुळवाजुळव करणारा. पण लोकांचा विश्वास बसेना.

मग त्यांनी पुढचं काढलं: हुकूम इंग्रजी शब्दांतच द्यावेत. हिशेबनीसांना गणिताची चिन्हं कशाला? हे पटवायला त्यांच्या मंडळींनी एक छोटं काम इंग्रजीत लिहिलं, तेच फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवलं. वरिष्ठ बिथरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच कशी कळेल?

मला तर इथंच खरी मेख दिसते. यंत्राला इंग्रजीही कळत नव्हती. शब्द कोणताही असो, त्याला आकड्यांतलं काम जोडून दिलं की झालं. फ्रेंच नाकारली ती माणसांनी. मराठी चालली असती की!

शेवटी बाईंची इंग्रजी शब्दांची भाषा तयार झाली, फ्लोमॅटिक. तिच्या आधारानं १९५९ साली कोबोल या भाषेचं काम सुरू झालं. हॉपरबाईंना कोबोलची आई म्हणतात, पण ती एकटीची कमाई नव्हे. भाषेचा आराखडा ज्या सहाजणांनी बांधला, त्यांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी या दोघी होत्या. कोबोलमध्ये बेरीज करायची तर सरळ ‘अ‍ॅड’ लिहायचं. जगातल्या कितीतरी बँकांचे हिशेब आजही त्याच भाषेवर चालतात.