बिल्ला कोणाच्या वाट्याला? ब्राउझरमधील छोट्या खेळांचा इतिहास

१/ इंटरनेट खंडित झाले की क्रोम ब्राउझरच्या रिकाम्या पानावर एक करडा डायनोसॉर उभा राहतो. स्पेसबार दाबताच तो निवडुंगांवरून उड्या घेत धावू लागतो. २०१४ पासूनचा हा खेळ आपणांपैकी बहुतेकांनी खेळला असेल. आजचा धागा अशाच चिमुकल्या खेळांविषयी आणि त्यांत मिळणाऱ्या बिल्ल्यांविषयी, म्हणजेच अचिव्हमेंट्सविषयी आहे. खेळातील यश आनंददायी केव्हा ठरते आणि ते कोणाला मिळू शकते, हा आपला प्रश्न.

२/ ही कथा ब्राउझरच्या आधी सुरू होते. १९८० च्या दशकारंभी अटारी २६०० हे यंत्र बंद केले की गुणही पुसले जात. ॲक्टिव्हिजन कंपनीने त्यावर तोडगा काढला. ‘पिटफॉल!’ (१९८२) या खेळात २०,००० गुण मिळवा, दूरचित्रवाणीच्या पडद्याचे छायाचित्र काढा आणि टपालाने पाठवा. उत्तरादाखल कापडी बिल्ला घरी येई. यंत्राला ज्याची आठवण राहत नव्हती, त्याची दखल माणसाने घेतली होती. त्या कापडाच्या तुकड्याचे मोल यातच होते.

३/ २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० ने हीच कल्पना अंकांत बांधली. प्रत्येक खेळातील यशाचे गुण खेळाडूच्या एकाच खात्यावर जमा होऊ लागले. पुढच्याच वर्षी काँग्रिगेट हे संकेतस्थळ उभे राहिले आणि तेथे ही पद्धत ब्राउझरमधील फुकट खेळांना लाभली. सोपा, मध्यम, कठीण आणि ‘अशक्य’ असे बिल्ल्यांचे चार स्तर होते; त्यांना अनुक्रमे ५, १५, ३० आणि ६० गुण मिळत.

४/ या उतरंडीत एक शहाणपण होते. सोपा बिल्ला नवख्याला खेळाच्या अंगणात बोलावी, तर ‘अशक्य’ बिल्ला मुरलेल्या खेळाडूला रात्रभर जागवी. एकाच खेळात दोघांनाही जागा होती.

५/ मग अतिरेक झाला. जो तो खेळ बिल्ल्यांची खैरात करू लागला. २००८ मध्ये जॉन कूनी यांनी ‘अचिव्हमेंट अनलॉक्ड’ हा फ्लॅश खेळ रचून या वेडाची खिल्ली उडवली. एक निळा हत्ती, एकच पडदा आणि ९९ अचिव्हमेंट्स! हालचाल केली तरी बक्षीस, मेलात तरी बक्षीस. गंमत अशी की ही थट्टाही लोकांना मनापासून आवडली, कारण पुढचा बिल्ला कशाने मिळेल हे शोधण्यासाठी खेळाडू पडद्याचा कोपरान्‌कोपरा धुंडाळू लागला. चांगला बिल्ला कुतूहल जागे करतो, हे कूनींच्या विनोदातूनच सिद्ध झाले.

६/ २०१३ मध्ये फ्रेंच निर्माते ज्युलियन थिएनो, ऊर्फ ओर्टेल, यांचा ‘कुकी क्लिकर’ आला. बिस्किटावर क्लिक करत राहायचे, एवढाच खेळ. पण येथे अचिव्हमेंट नुसते भिंतीवर टांगायचे पदक राहिले नाही. प्रत्येक अचिव्हमेंटमागे खेळातील ‘दूध’ ४ टक्क्यांनी वाढते आणि त्या दुधावर मांजरीची पिल्ले उत्पादन वाढवतात. यश पुढच्या खेळाचे इंधन झाले.

७/ त्यातील ‘नेव्हरक्लिक’ पाहा. अवघ्या १५ क्लिकमध्ये १० लाख कुकी करायच्या. क्लिक करण्याच्या खेळात क्लिक न करण्याचे आव्हान! शिवाय अन्याय्य वा फार अवघड कामगिऱ्यांसाठी ‘छाया-अचिव्हमेंट्स’ वेगळ्या ठेवल्या. त्यांचे दूध मिळत नाही. म्हणजे त्या न जमलेल्या खेळाडूचे काहीच नुकसान होत नाही. हौस आणि सक्ती यांतील सीमारेषा येथे स्पष्ट आखलेली दिसते.

८/ आता प्रश्नाचा दुसरा भाग. ज्याला पडदा दिसत नाही, रंग ओळखू येत नाहीत किंवा झपाट्याने बोटे हलवता येत नाहीत, त्याचे काय? केवळ रंगावर विसंबून माहिती देऊ नये, हा नियम डब्ल्यू३सी या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत १९९९ पासून आहे. फ्लॅशमध्येही २००२ पासून स्क्रीन रीडरची सोय होती. मात्र प्रत्येक बटणाला नाव देण्याचे काम निर्मात्याचे होते आणि ते बहुधा राहून जाई. दार होते, पण ते उघडणारे थोडे होते.

९/ ‘वर्डल’ची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. जॉश वॉर्डल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. १ नोव्हेंबरला ९० खेळाडू होते, २ जानेवारीला ३ लाखांहून अधिक! हिरवा आणि पिवळा यांत गल्लत होणाऱ्यांसाठी नारिंगी-निळ्या रंगांचा पर्याय त्यात होता. एका कळीत खेळ आणखी कितीतरी लोकांचा झाला आणि कोडे मात्र तसूभरही सोपे झाले नाही.

१०/ पण त्याच खेळाचा ‘बिल्ला’ पाहा. रंगीत चौकोनांची जाळी मित्रांना पाठवण्याची चाल न्यूझीलंडमधील खेळाडूंत सुरू झाली आणि वॉर्डल यांनी ती खेळात आणली. डोळस माणसाला ती क्षणात कळे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या कानावर मात्र ‘हिरवा चौकोन, काळा चौकोन, पिवळा चौकोन’ अशी लांबलचक जपमाळ येई. खेळ खुला झाला होता, पण आनंद वाटून घेण्याची रीत बंदच राहिली होती.

११/ याउलट मायक्रोसॉफ्ट एजमधील ‘सर्फ’ (२०२०) या मिनीगेममध्ये वेग कमी करण्याची आणि वस्तू ठळक दाखवण्याची सोय आहे; कीबोर्ड, माउस, स्पर्श किंवा गेमपॅड, काहीही चालते. आपला डायनोसॉरही आता अडथळ्याआधी ध्वनीने इशारा देऊ शकतो आणि हळू सुरुवात करू शकतो. मात्र निर्मात्यांनी एक ध्यानात ठेवावे. मंद गतीने खेळणाऱ्याला बिल्लाच नाकारला, तर त्याला पंगतीला बोलावून ताट न वाढल्यासारखे होते.

१२/ अखेरचा धडा टिकाऊपणाचा. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने खेळ चालवणेच थांबवले. रफल आणि फ्लॅशपॉइंट यांसारख्या प्रकल्पांनी असंख्य खेळ वाचवले, पण कित्येकांची साठवलेली प्रगती गेलीच. ‘कुकी क्लिकर’मध्ये मात्र सारी प्रगती अक्षरांच्या एका ओळीत उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. हा मोठाच सन्मान आहे. खेळाडूचे यश खेळाडूच्याच हाती राहते.

१३/ तेव्हा उद्या आपणांपैकी कोणी एखादा छोटा खेळ रचला, तर आधी हे तपासावे: माझा बिल्ला खेळाडूला काही नवे करून पाहायला लावतो का? तो रंग, वेग किंवा बोटांच्या चपळाईवाचूनही मिळवता येतो का? आणि माझे संकेतस्थळ उद्या बंद पडले, तर तो खेळाडूजवळ उरेल का?

तुमचा पहिला बिल्ला कोणत्या खेळातला होता, आणि आज तो कुठे आहे? जरूर सांगा.